वैद्यकीय विद्यार्थी, संशोधन आणि पेठचा पाडा

(पेठ, जि. नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गात आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा डॉक्टर जागेवर नसतो, औषध संपलेले असते, रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, या तक्रारींपासून सुरू होते आणि तेथेच थांबते. तक्रारी खऱ्या आहेत. त्या मांडल्याच पाहिजेत. परंतु त्यांच्या मागे एक प्रश्न उभा असतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डॉक्टर घडतो कसा? रोगाची कारणे शोधण्याची दृष्टी त्याला कोण देतो, आणि केव्हा देतो? पदवीपूर्व वैद्यकीय विद्यार्थ्यांचे संशोधन आणि त्याला लागणारे मार्गदर्शन हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो प्राध्यापकांच्या परिषदेत शोभणारा वाटेल. पेठच्या कार्यकर्त्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. कर्तव्य आहे, कारण या संशोधनाला लागणारी माहिती अशाच तालुक्यांतून, अशाच पाड्यांवरून गोळा होत असते. माहिती देणारा माणूस एका बाजूला राहतो आणि तिचे मोल दुसऱ्याच्या पदरात पडते, हा व्यवहार श्रमिकांच्या चळवळीला अपरिचित नाही.

योजनांचा इतिहास

वैद्यकीय शिक्षणाला खेड्याकडे वळवण्याची भाषा नवी नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. भावी डॉक्टराला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, तो 'सामाजिक वैद्य' व्हावा, अशी शिफारस त्या अहवालात होती. १९७५ साली श्रीवास्तव समितीने तोच धागा पुढे नेला आणि १९७७ पासून वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्अभिमुखीकरणाची योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. गाड्या आल्या, फिरते दवाखाने आले. पण बहुतेक ठिकाणी महाविद्यालयांचे तोंड शहरी रुग्णालयाकडेच राहिले.

१९७९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती सुरू केली. विद्यार्थ्याने एका मार्गदर्शकाच्या नावासह विषयाचा आराखडा पाठवायचा, तो मंजूर झाल्यावर दोन महिने काम करायचे, अहवाल लिहायचा. अहवाल स्वीकारला गेला की वृत्तीचे पैसे मिळतात. त्यानंतर २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. २०२१-२२ च्या तुकडीपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमातच घातला. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यातली तीन ते पाच कुटुंबे सोपवायची आणि पुढली वर्षे त्याने त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करीत राहायचे, अशी ही कल्पना आहे.

कागदावर यातले काहीच वाईट नाही. किंबहुना समाजवादी कार्यकर्त्याने स्वागत करावे असेच हे आहे. उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. विद्यार्थ्याला गावात पाठवणारा आदेश निघाला. गावात जाऊन काय पाहावे, ते कसे मोजावे आणि मोजलेल्याचा अर्थ कसा लावावा, हे शिकवणारा शिक्षक मात्र आदेशाने निर्माण होत नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांतल्या ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांच्या शोधनिबंधांची मोजणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार ३३२ संस्थांमधून, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांमधून, त्या दहा वर्षांत एकही निबंध प्रसिद्ध झालेला नव्हता. वर्षाला शंभरांहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या. निबंधांची संख्या हे ज्ञानाचे एकमेव माप नव्हे, हे मान्य. परंतु ज्या घरात कधी चूल पेटली नाही त्या घरातल्या मुलाने स्वयंपाक शिकावा, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

विद्यार्थ्याकडून काय होऊ शकते

वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींकडून कसले संशोधन होणार, असा आक्षेप घेतला जातो. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने नाही. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या छोट्या बेटांचे वर्णन केले. त्या बेटांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले नाही आणि त्याने तसा दावाही केला नाही. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि त्याचा तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, तेव्हा त्या बेटांचे महत्त्व जगाला पटले. बेस्टचे तेव्हा वैद्यकीय शिक्षणही व्हायचे होते. जे दिसले ते नीट लिहावे आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणू नये, ही शिस्त लँगरहान्सला ज्या संस्थेत लागली ती रुडॉल्फ फिर्खोची संस्था होती.

हा फिर्खो कोण? १८४८ साली प्रशियाच्या सरकारने वरच्या सायलीशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यासाठी त्याला धाडले, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. विणकर आणि खाणकामगारांच्या त्या दरिद्री प्रांतात त्याने तीन आठवड्यांच्या आसपास काढले. परतल्यावर त्याने जो अहवाल दिला त्यात औषधांची यादी नव्हती. पूर्ण लोकशाही, शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता हे त्याने साथीवरचे उपाय म्हणून सुचवले. सरकारला अर्थातच तो रुचला नाही.

आणखी एक नाव सांगणे अगत्याचे आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अँडीज पर्वतातून ला ओरोयाकडे जाणारा लोहमार्ग बांधताना १८७० च्या दशकात हजारो मजूर एका तापाने मेले. लिमा येथील डॅनिएल कॅरियन या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८५ साली स्वतःला एका त्वचारोग्याच्या चामखिळीतील रक्त टोचून घेतले. त्याला तोच ताप आला आणि ५ ऑक्टोबर १८८५ रोजी तो मरण पावला. त्वचेवरच्या गाठी आणि मजुरांचा ताप हे एकाच रोगाचे दोन अवतार आहेत, हे त्याच्या मरणाने सिद्ध झाले. असे आत्मबलिदान कोणा विद्यार्थ्याकडून मागता कामा नये. उलट त्याला आवरणारा मार्गदर्शक त्याच्या पाठीशी हवा होता. परंतु रस्ते आणि लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांचा रोग हा आपला विषय आहे, असे एका विद्यार्थ्याला वाटले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

महाराष्ट्राची परंपरा

परदेशाकडे बोट दाखवून थांबण्याचे कारण नाही. १९६९ या गांधी शताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे पहिल्या वर्षाची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करते. विद्यार्थ्याकडे कुटुंबे सोपवलेली असतात आणि पुढेही त्याच्या ठरावीक भेटी सुरू राहतात. देशाने २०२१-२२ मध्ये जे अभ्यासक्रमात घेतले ते वर्धा जिल्ह्यात अर्धशतकापूर्वी सुरू झाले होते. त्याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास नागापूरसारख्या खेड्यात ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विम्याचा प्रयोग उभा केला. पैशाची चणचण असलेल्या घरातही सुगीत धान्य असते, आणि ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यावी, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र होते. गावाचे आर्थिक जीवन जवळून पाहिल्याखेरीज ते सुचले नसते.

याच काळात, १९७४ साली, जयप्रकाशजींच्या प्रेरणेने वावरणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मेडिको फ्रेंड सर्कल हा गट स्थापन केला. १९७६ पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. औषध कंपन्यांची नफेखोरी, कुपोषणाची कारणे, वैद्यकीय शिक्षणाची दिशा यांवर विद्यार्थी आणि शिक्षक एका बैठकीत बरोबरीच्या नात्याने वाद घालीत. मार्गदर्शन म्हणजे वरून खाली दिला जाणारा उपदेश, ही कल्पना त्या गटाने मोडीत काढली.

या पिढीतले डॉ. अभय बंग यांचे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावे असे आहे. पागे समितीच्या शिफारशींवर महाराष्ट्रात शेतमजुराचे किमान वेतन दिवसाला चार रुपये ठरले होते. मजुराला लागणाऱ्या आहाराचा समितीचा हिशेब बंग यांनी एका डॉक्टरच्या नजरेने तपासला, त्यातील चुका १९८१ साली दाखवून दिल्या, आणि तो हिशेब हाती घेऊन मजुरांच्या संघटना वेतनवाढीसाठी भांडू शकल्या. वैद्यकीय संशोधन मजुरीच्या लढ्याला किती उपयोगी पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

पुढे १९८६ पासून अभय आणि राणी बंग गडचिरोलीत काम करू लागले. तेथे त्यांनी आरंभी सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने विषय महत्त्वाचा होता. परंतु तो प्रश्न संशोधकाला वाटतो तितका लोकांना आपला वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी आपला मार्ग बदलला. लोकांनाच त्यांचे प्रश्न विचारले. त्यातून १९८९ साली दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९९९ साली नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास आला. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या पद्धतीचा पुढे २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात समावेश झाला. संशोधनाची सुरुवात कोणाच्या प्रश्नापासून होते, यावर त्याचे फलित कोणाच्या घरी पोहोचणार हे ठरते.

पेठचे वर्ष आणि पाहणीचा तक्ता

आता हे सारे पेठला लावून पाहू. नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासींची संख्या लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक. पावसाळ्यात डोंगर वाहून जाईल असा पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. पिके भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी. शेती पावसावर अवलंबून. त्यामुळे भाताची कापणी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला जातात. दुसरीकडे याच जिल्ह्यात, नाशिकच्या म्हसरूळला, १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे जेथून हलतात ते ठिकाण आणि हा पाडा एकाच जिल्ह्यात आहेत.

समजा, एखादा विद्यार्थी दोन महिन्यांचा प्रकल्प घेऊन करंजाळी किंवा जोगमोडीच्या परिसरात आला. विषय बहुधा स्त्रियांमधील रक्तक्षयाचा असेल, आणि तो योग्यच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. विद्यार्थी घरोघर जातो. तो जर जानेवारीत आला तर अनेक दारांना कुलूप दिसते. तक्त्यात तो 'घर बंद' अशी नोंद करतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. काम संपते, टक्केवारी निघते. पण ज्यांची दारे बंद होती ती कुटुंबे कोणती? ज्यांच्या घरात नागली लवकर संपते, ज्यांना मजुरीवाचून गत्यंतर नाही, तीच ती कुटुंबे. म्हणजे पाड्यातले सर्वांत गरीब लोक नेमके हिशेबातून गळतात आणि उरलेल्यांची सरासरी पाड्याची प्रकृती म्हणून छापली जाते. यात कोणी खोटे बोललेले नसते, तरी निष्कर्ष मात्र असत्य ठरतो.

तोच विद्यार्थी श्रावणात आला तर निराळे चित्र दिसेल. आवणी उरकलेली, कणगीतले धान्य संपत आलेले, नवे पीक अजून शेतात. हे अर्धपोटी दिवस असतात. दिवाळीनंतर येणाऱ्याला याच घरात भाताची पोती दिसतील. भुकेलाही पंचांग असते, हे ज्याला कोणी सांगितले नाही तो विद्यार्थी एका दिवसाच्या जेवणावरून वर्षाचा आहार ठरवील. हे सांगणे हेच मार्गदर्शकाचे काम. आणि हे मार्गदर्शकालाही ठाऊक नसेल, तर ते सांगणे पाड्यावरच्या बाईचे आणि कार्यकर्त्याचे काम आहे.

प्रश्न कसा घडवावा, याचेही एक उदाहरण घेऊ. 'आदिवासी स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण' हा विषय घेतला की एक आकडा मिळतो, आणि तो बहुधा आधीपासून ठाऊक असतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने तीन साधे प्रश्न घ्यावेत. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का? मिळाल्या असल्यास तिने त्या खाल्ल्या का? खाल्ल्या नसल्यास कारण काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तर दोष पुरवठ्याचा, म्हणजे शासनाचा आहे. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले तर तिसऱ्याकडे वळावे लागते. मळमळ होते म्हणून, उपाशीपोटी सोसत नाही म्हणून, की गोळीने मूल मोठे होईल आणि बाळंतपण अडेल या भीतीने? प्रत्येक उत्तरामागे निराळा उपाय आहे आणि निराळा जबाबदार माणूस आहे. याला महागडी यंत्रे लागत नाहीत. बाईशी तिच्या बोलीत बोलता येणे, घाई न करणे आणि ऐकलेले जसेच्या तसे लिहिणे एवढे लागते. हा विषय एक विद्यार्थी दोन महिन्यांत प्रामाणिकपणे पुरा करू शकतो.

मार्गदर्शनाचे अर्थकारण

मग असे का घडत नाही? याचे उत्तर व्यक्तींच्या नीतिमत्तेत शोधून भागणार नाही. ते व्यवस्थेत आहे. पदव्युत्तर प्रवेश बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर ठरतो. पाड्यावर घालवलेल्या दिवसाला त्या परीक्षेत शून्य गुण आहेत. लक्षावधी रुपये शुल्क भरून आलेल्या विद्यार्थ्यावर ती रक्कम वसूल करण्याचे दडपण असते. शिक्षकाची पदोन्नती छापलेल्या निबंधांवर अवलंबून असते. निबंधाने गावाचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. परिणामी विद्यार्थी हा शिक्षकाला माहिती गोळा करून देणारा बिनपगारी मजूर ठरतो आणि पाडा हा त्या मजुराचा कच्चा माल. साखळीच्या शेवटच्या टोकाला रक्ताचा थेंब देणारी बाई असते. तिला आपले रक्त कोणत्या कामासाठी गेले आणि त्यात काय सापडले, हे बहुधा कधीच कळत नाही.

नीतीचे नियम कागदावर आहेत. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत सर्वत्र माणसाच्या जाणत्या संमतीला पहिले स्थान आहे. पण शासकीय मराठीतला दोन पानी मजकूर घाईने वाचून दाखवला आणि अंगठा घेतला, तर ती संमती झाली काय? सावकाराच्या कागदावरही अंगठाच असे.

याविरुद्ध एक प्रतिवाद ऐकू येतो, त्याचा विचार केला पाहिजे. जेथे डॉक्टरच मिळत नाही तेथे संशोधनाचे लाड कशाला, आधी उपचार द्या, असे म्हटले जाते. उपचाराची मागणी प्रथम, यात शंका नाही. ताप आलेल्या मुलाच्या दारात केवळ वही घेऊन उभे राहणे अमानुष होईल. मात्र उपचार आणि शोध यांत वैर नाही. रोग कोठून येतो हे न विचारणारा डॉक्टर तेच पोर पुन्हा पुन्हा तपासत राहतो. आणि जो डॉक्टर प्रश्न विचारत नाही, त्याला औषध कंपनीचा प्रतिनिधी उत्तरे पुरवतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

येथून पुढचे काम कार्यकर्त्यांचे आहे. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी येथील ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. त्याचा उपयोग आरोग्याच्या अभ्यासांसाठी का करू नये?

पहिली गोष्ट म्हणजे पाड्यावर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थी-गटाचे स्वागत ग्रामसभेत व्हावे आणि विषय तेथेच, लोकांच्या बोलीत, समजावून सांगितला जावा. ग्रामसभेनेही आपल्या प्रश्नांची यादी तयार ठेवावी. पाण्याचे दुर्भिक्ष, विंचूदंश-सर्पदंश, बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचायला लागणारा वेळ आणि खर्च, बागेत औषधफवारणी करणाऱ्या मजुरांचे डोळे आणि कातडी, असे कितीतरी विषय वाट पाहत आहेत. दुसरी गोष्ट, जी कुटुंबे हंगामात बागांकडे जातात त्यांचा अभ्यास दोन्ही ठिकाणी व्हावा. दत्तक घेतलेले कुटुंब निफाडला गेले म्हणून परके होत नाही. विद्यार्थ्याने त्याच्या मागोमाग बागेवरच्या झोपडीपर्यंत जावे. तेथे त्याला मजुराचे कामाचे तास, पाणी आणि मुलांची शाळा यांचेही दर्शन घडेल. तिसरी गोष्ट, अभ्यास संपल्यावर निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. आकडे चुकीचे वाटले तर लोकांनी तेथेच हटकावे. अशा दुरुस्तीतून विद्यार्थी जे शिकेल ते त्याला ग्रंथालयात मिळणार नाही.

विद्यापीठाकडे आणि शासनाकडेही मागण्या नेल्या पाहिजेत. मार्गदर्शनासाठी शिक्षकाच्या आठवड्यात राखीव तास असावेत आणि त्यांची गणना अध्यापनात व्हावी. विद्यार्थ्याच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च त्याच्या खिशातून जाऊ नये, नाहीतर संशोधन हा सुखवस्तू मुलांचाच छंद होईल. आदिवासी आणि ग्रामीण भागातून वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्या मुलामुलींना अशा कामात प्राधान्य मिळावे. कोकणा बोली जाणणारी मुलगी जे ऐकू शकते ते इतरांना दुभाष्याकरवी ऐकावे लागते. आणि आशा कार्यकर्ती, जिच्या नोंदींवर हे सारे अभ्यास उभे राहतात, तिचे नाव आणि तिचा मोबदला यांचा विसर पडू नये.

यासाठी मोर्चा काढण्याची गरज नाही. एका ग्रामसभेच्या ठरावापासून आरंभ करता येईल. येत्या हंगामात, कुटुंबे बागांकडे निघण्यापूर्वी, निदान पाच पाड्यांनी आपापल्या आरोग्यप्रश्नांची यादी करावी आणि ती म्हसरूळच्या विद्यापीठाकडे व जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयांकडे ठरावासह पाठवावी. विद्यार्थी येतील तेव्हा त्यांच्या हाती तक्ता असेलच. पाड्याच्या हातीही स्वतःचा कागद असला पाहिजे.